दोनदा फोडले गेलेले घर

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी आमच्या वसाहतीच्या रहिवासी समितीचा चिटणीस आहे. वसाहतीत सुमारे २५० घरे आहेत. गेल्या पाच महिन्यांत येथे सात घरफोड्या झाल्या. मागच्या गल्लीत एकट्या राहणाऱ्या एका वयस्कर बाईंचे घर तर सहा आठवड्यांत दोनदा फुटले. दर वेळी पोलीस येतात, जबाब घेतात, ‘गस्त वाढवतो’ असे सांगून जातात आणि आठ दिवसांत गाडी दिसेनाशी होते. शेवटी आम्ही वीस-बावीस तरुणांचे पथक केले. ते रात्री अकरा ते तीन फिरते, अनोळखी माणसांची चौकशी करते आणि संशयितांची छायाचित्रे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. मागच्या आठवड्यात पथकाने एका मुलाला अडवले, थोडी धक्काबुक्की झाली. तो पार्सल पोहोचवायला आला होता, हे नंतर कळले. मागच्या इमारतीत वर्षभरात बरेच भाडेकरू आले आहेत आणि हे सारे प्रकार तेव्हापासूनच सुरू झाले, असे अनेकांचे म्हणणे आहे. पोलिसांकडून कायमची गस्त कशी मिळवावी, आणि कॅमेऱ्यांसाठी मोठी वर्गणी काढणे योग्य ठरेल काय?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपले मूळ पत्र चार पानांचे आहे. त्यात गस्तीसाठी दीड पान आहे, कॅमेऱ्यांसाठी एक पान आहे आणि त्या बाईंचे घर दोनदा फुटले ही गोष्ट मात्र एका वाक्यात येऊन गेली आहे. मी पत्र तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्याच वाक्यापाशी थांबले. आपल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी देणारच आहे, परंतु आधी त्या घराविषयी लिहिते, कारण आपल्या हातात आज, कोणाच्याही परवानगीवाचून, करण्याजोगे जे काही आहे ते तेथेच आहे.

एकदा फुटलेले घर पुन्हा फुटण्याची शक्यता इतर घरांहून अधिक असते आणि ती पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत अधिक असते. हे ऐकायला उलटे वाटते. एकदा घडून गेले, आता ते घर सुटले, अशी आपली समजूत असते. पण चोराच्या बाजूने विचार करून पाहा. कोणते दार कच्चे आहे, आत कसे जायचे, घरात कोण केव्हा नसते आणि पहिल्या खेपेला काय मागे राहिले, हे त्याला आता ठाऊक असते. शिवाय गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या वस्तू येणार, हेही तो जाणतो. जवळपासच्या घरांनाही त्या दिवसांत वाढीव धोका असतो, कारण त्यांची बांधणी आणि त्यांच्याकडे जाणारी वाट बहुधा सारखीच असते.

इंग्लंडमध्ये रॉचडेल येथील कर्कहोल्ट नावाच्या वसाहतीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेमके हेच ध्यानात घेऊन काम झाले. दोन हजारांहून अधिक घरांच्या त्या वसाहतीत घरफोड्यांचे प्रमाण फार मोठे होते. सगळ्या घरांना संरक्षण देणे शक्य नव्हते, म्हणून कामाची सुरुवात ज्यांची घरे फुटली होती त्यांच्यापासून केली गेली. त्यांची दारे, खिडक्या, कुलपे बळकट करून दिली गेली. अनेक घरांत नाणी टाकून चालणारे मीटर होते आणि चोर त्यांतील पैशांसाठीच येत, म्हणून ते मीटर काढले गेले. आणि फुटलेल्या घराच्या आसपासच्या पाच-सहा घरांना विचारून, त्यांच्या संमतीने, काही काळ त्या घरावर नजर ठेवण्याचे काम सोपवले गेले. रेशमाच्या किड्याभोवती कोश असतो तसा त्या घराभोवती शेजाऱ्यांचा कोश. तेथील घरफोड्या सुमारे तीन वर्षांत ७५ टक्क्यांनी घटल्या. यांपैकी कोणत्याही गोष्टीला वीस-बावीस तरुण, काठ्या किंवा रात्रीचे जागरण लागले नाही, हे आपण पाहावे.

तेव्हा समितीने या आठवड्यातच त्या बाईंकडे जावे. मोठे शिष्टमंडळ नेऊ नये. दोघे-तिघे पुरेत आणि त्यांत एखादी बाई असावी. त्यांच्या मागच्या दाराची कडी, खिडकीचे गज, कुलूप यांची दुरुस्ती वर्गणीतून करून द्यावी. त्यांच्या घराकडे ज्यांच्या खिडक्या उघडतात अशी पाच-सहा घरे शोधावीत आणि तेथील माणसांना एवढेच विचारावे, की पुढचे दोन-तीन महिने तुमचे लक्ष तिकडे राहील का, आणि काही खटकले तर त्या बाईंना व पोलिसांना दूरध्वनी कराल का. बाकीच्या पाच घरांसाठीही हेच करावे.

आता गस्त. आपली मागणी स्वाभाविक आहे आणि ती जवळजवळ प्रत्येक वसाहत करते, परंतु ती पुरी झाली तरी आपल्या घरफोड्या थांबतील असे मला वाटत नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे ऑक्टोबर १९७२ पासून वर्षभर एक प्रयोग झाला. पोलिसांनी १५ बीट, म्हणजे गस्तीसाठी पाडलेले भाग, निवडून त्यांचे तीन गट केले. एका गटात नेहमीची गस्त बंद ठेवली, गाडी फक्त कोणी बोलावले तरच जाई. दुसऱ्यात गस्त पूर्वीसारखीच ठेवली. तिसऱ्यात ती दुपटी-तिपटीने वाढवली. वर्षअखेरीस गुन्ह्यांच्या प्रमाणात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की आपल्या भागातील गस्त घटली की वाढली हे रहिवाशांना फारसे कळलेही नव्हते. गाडी एखाद्या रस्त्यावरून दिवसात काही मिनिटे जाते. उरलेला सारा दिवस चोराचाच असतो.

यावरून पोलिसांचा उपयोग नाही असा अर्थ कोणी काढू नये. विखुरलेली गस्त निष्फळ ठरते, नेमक्या जागी दिलेले लक्ष सहसा निष्फळ ठरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेतीलच मिनिॲपोलिस शहरातील पोलिसांकडे आलेल्या दूरध्वनींचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे दिसले की शहरातील जेमतेम तीन टक्के पत्त्यांवरून निम्मे दूरध्वनी येत होते. ‘आमचा भाग असुरक्षित आहे’ असे आपण सरसकट म्हणतो, तेव्हा बहुधा त्या भागातील दोन-चार जागा असुरक्षित असतात आणि बाकीचा भाग त्यांच्या बातम्यांनी धास्तावलेला असतो.

ही धास्तीही खरी असते आणि तिच्यावरही उपाय हवा, हे मी मान्य करते. अमेरिकेतील नेवार्क शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पायी गस्तीचा अभ्यास झाला. पायी फिरणाऱ्या पोलिसांमुळे तेथील गुन्हे फारसे कमी झाले नाहीत, पण लोकांना अधिक सुरक्षित वाटू लागले आणि पोलिसांविषयीचे त्यांचे मतही सुधारले. ओळखीचा चेहरा, थांबून दोन शब्द बोलणारा हवालदार, याची किंमत गाडीच्या दिव्याहून अधिक असते. म्हणून पोलीस ठाण्यात जाल तेव्हा ‘गाडी पाठवा’ असे न म्हणता ‘आमच्यासाठी एक माणूस नेमून द्या’ असे म्हणावे. त्याचे नाव आणि संपर्काची वेळ वसाहतीला ठाऊक असावी, महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी त्याने यावे, आणि प्रत्येक बैठकीची सुरुवात मागच्या बैठकीत ठरलेल्या गोष्टींचे काय झाले या प्रश्नाने व्हावी. हा शेवटचा भाग सोडला तर अशा बैठका दोन-तीन महिन्यांत गाऱ्हाण्यांच्या मैफली होतात. मी स्वतः अशा एका बैठकीत दोन तास बसून वाहने कोठे उभी करावीत यावरचा वाद ऐकला आहे.

परंतु त्या माणसापुढे आपण काय ठेवणार? येथे आपल्या पत्रातील सर्वांत मोठी उणीव सांगते. सात घरफोड्या झाल्या असे आपण लिहिता, पण त्या कोणत्या वेळी झाल्या हे चार पानांत कोठेही नाही. अनेक घरफोड्या दिवसा, घर रिकामे असताना होतात. आपल्याकडच्या सातही दुपारी झाल्या असतील तर आपले पथक रात्री अकरा ते तीन कोणाची वाट पाहत फिरते आहे? एक कागद घ्यावा आणि सातही घटना ओळीने मांडाव्यात : तारीख, घर शेवटचे बंद केल्याची वेळ आणि चोरी उघड झाल्याची वेळ, चोर कोठून आत आला, दार कसे उघडले, काय नेले आणि काय तसेच सोडले, घर रिकामे असल्याचे बाहेरून ओळखू येत होते काय. मग वसाहतीचा एक साधा नकाशा काढून त्यावर सात खुणा कराव्यात. हे काम एका संध्याकाळचे आहे. नकाशावर त्या खुणा एकाच कुंपणाच्या कडेने किंवा एकाच बोळाच्या तोंडाशी जमल्या तर मला नवल वाटणार नाही.

हर्मन गोल्डस्टीन या अभ्यासकाने १९७९ मध्ये पोलिसांच्या कामाविषयी एक मुद्दा मांडला, त्याची येथे आठवण होते. पोलीस एकेक घटना हाताळतात आणि मोजतात, पण त्या घटनांच्या मुळाशी असलेल्या समस्येकडे पाहत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. १९८० च्या दशकात व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज या शहराच्या पोलिसांनी त्याप्रमाणे काम करून पाहिले. तेथे ब्रायरफील्ड नावाच्या गृहसंकुलात घरफोड्या फार होत. पोलिसांनी रहिवाशांना विचारले, इमारती पाहिल्या, तेव्हा मोडकळीस आलेली दारे-खिडक्या, साचलेला कचरा आणि टाकून दिलेले सामान ही चोरीची खरी सोय असल्याचे दिसून आले. मग दुसऱ्या खात्यांच्या मागे लागून साफसफाई आणि डागडुजी करून घेण्यात आली आणि घरफोड्या सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. ही कामे रूढ अर्थाने पोलिसांची नव्हेत, पण ती करवून घेण्यासाठी पोलिसांच्या शब्दाचे वजन उपयोगी पडले. आपल्या नकाशावरून कुंपणातील एखादे भगदाड किंवा बंद पडलेला दिवा पुढे आला, तर ते काम ज्या कार्यालयाचे असेल तेथे समितीच्या अर्जाबरोबर ठाण्याचेही पत्र जावे, असा आग्रह आपण धरू शकता.

कॅमेऱ्यांविषयी थोडक्यात सांगते. सीसीटीव्हीविषयीच्या सुमारे चाळीस वर्षांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गुन्ह्यांतील घट साधारण १३ टक्के दिसली आणि वाहनतळांमध्ये ती सर्वांत ठळक होती. म्हणजे कॅमेरे अगदीच निरुपयोगी नाहीत, पण मोठी वर्गणी काढून वसाहतीभर ते बसवावेत आणि दाराची कडी मात्र तशीच कच्ची ठेवावी, हा क्रम चुकीचा आहे. आधी कड्या आणि कुलपे, मग दिवे, मग उरलेल्या पैशांत एखाद्या प्रवेशाच्या जागी कॅमेरा. दिव्यांचा परिणाम चांगला असतो. न्यूयॉर्कमधील सार्वजनिक गृहसंकुलांत २०१६ मध्ये जादा दिवे लावले गेले, तेथे रात्री उघड्यावर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटले. मात्र आपल्या घरफोड्या भर दुपारच्या असतील तर दिव्यांचाही उपयोग नाही, म्हणून पुन्हा सांगते, आधी तो कागद.

यापुढचे मला थोडे कठोरपणे लिहावे लागणार आहे. ‘थोडी धक्काबुक्की झाली’ हे शब्द आपले आहेत. त्या मुलाला विचारले तर तो ‘थोडी’ म्हणणार नाही. रात्रीच्या वेळी, अनोळखी जागी, सहा-आठ जणांनी घेरल्यावर माणसाला काय वाटते याची कल्पना आपणा सर्वांना आहे; तो घाबरून पळाला असता तर त्याचे पळणे हाच पथकाला पुरावा वाटला असता, आणि पुढे काय घडले असते ते मी लिहीत नाही. अमेरिकेतील सॅनफर्ड येथे २६ फेब्रुवारी २०१२ रोजी ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र मुलगा ज्या वसाहतीत पाहुणा म्हणून राहत होता, तेथेच मारला गेला. त्या वसाहतीतही आधी घरफोड्या झाल्या होत्या, तेथेही रहिवाशांची टेहळणी चालू होती. त्याच टेहळणीतल्या एका स्वयंसेवकाला हा मुलगा संशयास्पद वाटला. त्याने पोलिसांना दूरध्वनी केला आणि पाठलाग करण्याची गरज नाही असे पलीकडून सांगितले गेले असतानाही गोष्ट गोळी झाडण्यापर्यंत गेली. न्यायालयाने पुढे त्या स्वयंसेवकाला निर्दोष ठरवले, पण मूल परत आले नाही.

शेजाऱ्यांनी लक्ष ठेवण्याच्या योजना वाईट आहेत, असे मी म्हणत नाही. अशा योजनांचा २००८ मधील एक आढावा सांगतो, की त्या राबवलेल्या भागांत गुन्हे १६ ते २६ टक्क्यांनी घटले. परंतु त्या योजनांचे सूत्र पाहावे आणि कळवावे एवढेच आहे. अडवणे, झडती घेणे, ओळखपत्र मागणे आणि पळणाऱ्यामागे धावणे त्यात बसत नाही. ती कामे ज्यांना प्रशिक्षण आहे आणि ज्यांच्याकडून जाब मागता येतो त्यांचीच आहेत. म्हणून पथकाचे आजचे रूप ताबडतोब बंद करावे. ज्यांना फिरायचेच असेल त्यांनी जोडीने फिरावे, हातात काठी घेऊ नये, कोणाला अडवू नये, काही खटकले तर अंतर राखून पोलिसांना कळवावे आणि कळवताना माणसाचे वर्णन न करता तो काय करतो आहे ते सांगावे. ‘एक संशयित फिरतो आहे’ या निरोपावर पोलिसांना काहीच करता येत नाही. ‘एक जण तिसऱ्या घराच्या मागच्या खिडकीचे गज हलवून पाहतो आहे’ या निरोपावर ते येतात.

ग्रुपवरील छायाचित्रे आजच काढून टाकावीत. त्यांतील किती जण चोर निघाले, हा हिशेब एकदा मांडून पाहा. माझा अंदाज आहे की एकही नाही, आणि त्या प्रत्येकाचा चेहरा मात्र २५० घरांत चोर म्हणून फिरतो आहे. त्या मुलाचा पत्ता काढणे कठीण नाही. समितीतील दोघांनी त्याला भेटून स्पष्ट शब्दांत क्षमा मागावी, ‘गैरसमज झाला’ एवढ्यावर भागवू नये. त्याला तक्रार नोंदवायची असेल तर त्याला परावृत्त करू नये. पोलिसांनाही ही घटना समितीनेच आपणहून सांगावी. उद्या दुसऱ्याकडून ती त्यांच्या कानी गेली, तर आपल्या बाकीच्या मागण्यांवर त्यांचा विश्वास राहणार नाही.

शेवटी भाडेकरूंचा विषय. वर्षभरात माणसे आली आणि पाच महिन्यांपूर्वी चोऱ्या सुरू झाल्या, एवढ्यावरून जे म्हटले जात आहे त्याला आपल्या पत्रात कसलाही आधार नाही. त्यात तथ्याचा एक कण असेल तर तो वेगळा आहे. शिकागोतील ३४३ विभागांतील ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. जेथे शेजाऱ्यांचा परस्परांवर विश्वास होता आणि काही वावगे दिसले तर शेजारी मध्ये पडतील अशी लोकांना खात्री होती, तेथे हिंसाचार कमी आढळला. गरिबीसारखी इतर कारणे जमेस धरूनही हा फरक टिकून राहिला. जेथे माणसे सतत बदलत असतात तेथे हा विश्वास मुरायला वेळ मिळत नाही. तेव्हा नवे लोक आल्यामुळे वसाहत दुबळी झाली असेल, तर ती त्यांच्याशी कोणाची ओळख नसल्यामुळे झाली असेल. आपल्या समितीत, पथकात किंवा ग्रुपमध्ये त्या इमारतीतील एकही माणूस आहे काय, हे आपण लिहिलेले नाही. शिकागोच्या पोलिसांनी १९९३ पासून, आधी काही भागांत आणि पुढे शहरभर, बीटवार रहिवाशांच्या बैठका घेण्यास सुरुवात केली, तेव्हा तेथेही घरमालकच अधिक येत आणि भाडेकरू मागे राहत. आपणहून आमंत्रण दिल्यावाचून ते येत नाहीत, कारण वसाहत आपली मानावी की नाही याबद्दल त्यांचीच खात्री नसते.

एक गोष्ट मात्र आपल्या पत्रावरूनच दिसते. बाईंचे घर मागच्या गल्लीत आहे आणि भाडेकरूंची इमारतही मागेच आहे. माझा तर्क बरोबर असेल तर बाईंच्या मागच्या दाराकडे उघडणाऱ्या खिडक्या त्याच इमारतीच्या असतील, आणि लक्ष ठेवण्यासाठी ज्या पाच-सहा घरांना आपण विचारणार आहात त्यांतील निदान तीन-चार त्यांचीच निघतील. दुपारी तेथे कोण घरी असते, त्यांनी त्या दोन दिवसांत काही पाहिले काय, हे त्यांना आजवर कोणी विचारले आहे काय? पोलिसांनी विचारले नसेल तर आपण विचारावे. मात्र आरोपीची उलटतपासणी घेतल्यासारखे विचारू नये, आणि शक्य असेल तर त्या बाईंनाच बरोबर न्यावे.